भिमा बारावी पास, पुष्पांजली जिवंत

लोणार, ४ ऑगस्ट २०२४

ती. सरस्वतीताईंना,

भिमाचा नमस्कार.

आता तुम्ही चष्मा काढाल, पदराला पुसाल, परत लावाल आणि सूनबाईला हाक माराल, "अर्पिता, हे भिमा कोण वं?" तिलाही माहीत नसणार. म्हणून मीच सांगते. मी तुमची भावजय, गोपालरावांची बायको. हे गेल्यावर जी दुसरबीडचं घर सोडून, पोरीला घेऊन लोणारला आली आणि बसस्टँडसमोर बांगड्यांचं दुकान टाकून बसली, ती. जिला तुम्ही भर अंगणात म्हणालात, "या घरचं नाव टाकून चालली, आजपासून आमच्यासाठी मेली," तीच.

मेलेल्या बाईनं पत्र लिहू नये, हे मला कळतं. पण फोन तुम्ही उचलत नाही, आणि व्हॉट्सॲपवरचा तुमचा तुळशीजवळचा फोटो मला पाच वर्षांपासून दिसत नाही. पोस्टमनला मात्र अजून कोणी ब्लॉक केलेलं नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे. आठवण आली म्हणून लिहिते, असं खोटं लिहिणार नाही.

मी बी.ए. करते आहे. मुक्त विद्यापीठातून. घरी बसून अभ्यास करायचा आणि रविवारी इथल्या अभ्यासकेंद्रावर वर्गाला जायचं. वर्गात एक होमगार्ड आहे, एसटीची कंडक्टरीण आहे, दोन अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. शिकवणारे सर आम्हाला 'मुलांनो' म्हणतात आणि आम्ही सगळ्या मान डोलावतो. बाकीचे दिवस मी दुकानात पुस्तक घेऊन बसते. गिऱ्हाईक विचारतं, "कोणतं पुराण वाचून राह्यली, काकू?" मी म्हणते, राज्यशास्त्र. तेही पुराणच आहे, फक्त यातले देव दर पाच वर्षांनी बदलतात.

पहिल्या वर्षाची फी मी लग्नसराईचा माल न भरता भरली. यंदा डिंपलचं नर्सिंगचं हॉस्टेल आहे. दोघींचं शिक्षण बांगड्यांवर निघत नाही. घरून शिकणाऱ्यांनाही सरकार फी देतं, हे मला उशिरा कळलं. अर्ज केला. परत आला. शेरा होता: नाव जुळत नाही.

ताई, सरकारच्या दप्तरी दोन बाया आहेत. एक भिमा अर्जुनराव. ही बारावी पास, गुणही बरे, जातीचा दाखलाही हिच्याच नावाचा. पण निकालानंतर ही बाई कुठे गेली, तिचं काय झालं, याचा पत्ता नाही. दुसरी पुष्पांजली गोपाल. हिचं आधार आहे, रेशनकार्ड आहे, बँकेत खातं आहे, मतदान तर ती दरवेळी न चुकता करते. पण ही जन्मलीच एकदम एकोणीस वर्षांची, तांदळाच्या ताटात. हिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शिष्यवृत्तीला एकच बाई लागते, पास झालेली आणि जिवंत. भिमा पास आहे पण जिवंत नाही. पुष्पांजली जिवंत आहे पण पास नाही.

त्या ताटाची आठवण तुम्हाला असेलच. तुम्ही भावाच्या कानात सांगितलंत, त्यांनी अंगठीनं तांदळात लिहिलं, आणि माझं नवं नाव मला वाचून कळलं. "भिमा काय नाव हाय? पयलवानाचं वाटते," असं तुम्ही म्हणालात आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. नवरी होते, दुसरं काय करणार?

आता कचेरीतला बाबू म्हणतो, लग्नाची नोंद नाही, नवरा हयात नाही, तर सासरच्या रक्ताच्या नात्यातलं कोणी घेऊन या. नाव ठेवताना हजर असलेलं. त्यांनी सांगावं, की या दोघी एकच. मग तुमचं नावबदलाचं काम पुढे सरकेल.

त्या खोलीत तुम्ही होता. तुम्हीच ठेवलंत.

लोणारला याल का? नाही म्हणायचं असेल तर तसं कळवा. गप्प बसू नका, कारण मी दुसरं वर्ष सोडणार नाही.

भिमा
(पुष्पांजली)


लोणार, २५ ऑगस्ट २०२४

ती. ताईंना,

काल अर्पिताचा फोन आला. बिचारी दबक्या आवाजात बोलत होती, मागे तुमचा कुकर शिट्ट्या मारत होता. म्हणाली, "मामी, आत्याबाईनं निरोप देला हाय. जसाच्या तसा सांगतो, मले काही म्हणू नका." आणि तिनं जसाच्या तसा सांगितला. पोरगी गुणाची आहे, तुमचं खाकरणंसुद्धा सोडलं नाही.

निरोप असा: "तिले म्हणा, आधारावर चांगलं नाव हाय ना? मंग बारावीच्या कागदावर तेच टाकून घे. अन या वयात कॉलेज काऊन पाह्यजे? पोरीले शिकू दे. अन भिमा झाली तं मंग माह्या गोपालची बायको कोण?"

तीन प्रश्न आहेत. विद्यार्थिनी असल्यानं क्रमानं सोडवते.

बारावीच्या कागदावर नाव बदलून मिळत नाही. मी विचारून आले. इतक्या वर्षांनी शाळेचं रेकॉर्ड कोणी हलवत नाही म्हणे. बाई बदलते, रेकॉर्ड बदलत नाही.

या वयात कॉलेज काऊन? कारण त्या वयात तुम्ही मला पुरणाचा कट शिकवत होता. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा माझ्या अंगाला हळद लागलेली होती. माझे वडील गुणपत्रिका घेऊन मांडवात आले आणि पाहुण्यांना दाखवत फिरले, जशी काही ती आंदणातली आणखी एक वस्तू. त्यानंतर ती ट्रंकेत गेली. मला कोणावर राग काढायचा नाही, ताई. मला फक्त पुढचं पान उलटायचं आहे. पोरीला शिकू दे म्हणता, ती शिकतेच आहे. तीच मला रात्री फोनवर विचारते, "आई, किती वाचलं? का नुसतं मोबाईल पाहून राह्यली?" सासू झाली आहे माझी.

तिसरा प्रश्न तुम्ही अर्पिताकडून पाठवायला नको होता. तो तोंडावर विचारायचा होता.

गोपालची बायको कोण? जिनं त्यांना संभाजीनगरच्या दवाखान्यात उशाला बसून चमच्यानं पाणी पाजलं, ती. त्या बाईला त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही पुष्पांजली म्हटलं नाही. "अवं, ऐकलं का?" म्हणायचे. शेवटपर्यंत तेच. तुम्ही दिलेलं नाव त्यांनी एकदाच लिहिलं, तेही तांदळात. तेव्हा ते नाव गेलं तर त्यांची बायको जाते, असं नाही.

तुम्हाला मी दुसरबीड सोडलं याचा राग आहे. तो ठेवा. मी काढायला सांगत नाही. राग घेऊनच या. कचेरीत रागाला मनाई नाही, तिथे सगळे तोच घेऊन येतात.

पुढच्या महिन्यात सतरा तारखेला, मंगळवारी, बाबू जागेवर असतो असं कळलं आहे. तुमच्या हिवरा आश्रमहून मेहकरला या, तिथून लोणारची गाडी मिळते. येताना तुमचं आधार आणा. आणि तुम्ही गोपालरावांची सख्खी बहीण आहात, हे दाखवणारा कुठलाही जुना कागद असेल तर तोही.

मी गाडीवर उभी राहीन.

भिमा


लोणार, १८ सप्टेंबर २०२४

ती. ताईंना,

काल मी कचेरीतून स्टँडवर पोचले तोवर तुम्ही गाडीत चढला होतात, आणि खिडकीतून पाहिलंसुद्धा नाहीत. तुम्ही उठून बाहेर गेल्यावर आत काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं.

आधी एक सांगते. तुम्ही येणार नाही असं मी धरून चालले होते. गाडीतून तुमची पिशवी आधी उतरली, मग तुम्ही, आणि उतरल्या उतरल्या म्हणालात, "बारीक झाली." एवढंच. मला पुरलं.

आणि पिशवीतून तुम्ही प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला चौथीचा दाखला काढलात. तो तुम्ही जपून ठेवला असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. त्यावर बापाचं नाव भगवानराव, गाव दुसरबीड, सगळं गोपालरावांच्या दाखल्याशी जुळणारं. मला वाटलं, झालं काम.

बाबूनं वाचलं, "तानाबाई भगवानराव." मग तुमचं आधार वाचलं. "सरस्वतीबाई." आणि त्यानं चष्म्यावरून विचारलं, "यातल्या तुमी कोन्त्या?"

मागच्या रांगेतले लोक हसले. मी नाही हसले, ताई. माझंच तोंड पडलं होतं. सव्वीस वर्षं मी तुम्हाला सरस्वतीताई म्हणते आहे. तुम्हालाही कोणीतरी ताटात नव्यानं लिहिलं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. गोपालरावांनीही नाही.

तुम्ही म्हणालात, "माह्याच बापाच्या घरची मी कोण, हे यानं मले विचारावं?" आणि दाखला उचलून निघालात. मी तुमच्या मागे आले नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. मी टेबल सोडलं असतं तर नंबर गेला असता. आणि मला त्या माणसाकडून उत्तर हवं होतं.

बाबू वाईट नाही. तो मनापासून मदत करायला बसला होता आणि नियम त्याला करू देत नव्हता. म्हणाला, "बाई, साक्षीदाराचंच नाव दोन ठिकाणी दोन. पहिले त्यायचं सिद्ध करा, मंग त्या तुमचं सिद्ध करतील."

मी म्हटलं, "त्यांचं कोण सिद्ध करणार?"

"त्यायच्या वेळेस जे हजर होतं ते."

"त्या बायांचीही नावं बदललेली असतील."

"मंग पुरुष आणा ना. पुरुषाचं नाव बदलत नसते."

"साहेब, नाव ठेवतात तेव्हा खोलीत पुरुष नसतात. नवरदेव असतो, तो गेला. बाकीचे जेवत असतात."

बाबूनं पेन ठेवलं. म्हणाला, त्याच्या बायकोचंही नाव बदललं आहे आणि आधीचं त्याला या क्षणी आठवत नाही. हे त्यानं अगदी खरेपणानं सांगितलं.

तरी मी पुरुषांना विचारून पाहिलं. रात्री दुसरबीडला तुमच्या थोरल्या चुलत भावाला फोन लावला. म्हटलं, भाऊजी, माझ्या लग्नात माझं नाव बदललं ते तुम्हाला आठवतं का? म्हणाले, "तुह्या लग्नातली वांग्याची भाजी होती वैनी, तशी पुन्हा नाई खाल्ली!" नावाचं विचारलं, तर म्हणाले, "कोणाचं नाव?"

तर अशी आपली गत आहे. या अख्ख्या घराण्यात एक बाई दुसरीची साक्ष देऊ शकत नाही, कारण प्रत्येकीला कोणीतरी खोडून लिहिलं आहे.

पण मी थांबणार नाही. पोर्टलची मुदत वाढली आहे. सरकारची ही एक गोष्ट भरवशाची.

तुम्ही घरी नीट पोचलात का, एवढं अर्पिताला कळवायला सांगा. आणि तो दाखला परत प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. पाऊस अजून आहे.

भिमा


लोणार, ६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंना,

साक्षीदार सापडली. बाईच आहे. बसून वाचा.

परवा मी दुसरबीडला गेले होते. हो, पाच वर्षांनी. घराकडे गेले नाही, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिले. आपल्या घरातल्या एकेका बाईचं नाव आठवत होते आणि प्रत्येकीपुढे मनात फुली मारत होते. तेवढ्यात समोरून काठी टेकत तुमच्या कलाआत्या आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील, पण तोंड अजून पंचविशीचं. मला पाहून म्हणाल्या, "काय वं गोपालची, मेली होती ना तू?"

म्हटलं, "हाव आत्या. कागदासाठी उठली."

त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हसत होत्या, कपातला चहा बशीत सांडेपर्यंत. मग म्हणाल्या, "माह्यं नाव पाह्य ना."

मला कळेना. त्यांनी समजावलं, "अवं, मी सासरी गेलीच कुठं? नवराच माह्या घरी आला, घरजावई. मले ताटापाशी बसवतं कोण? बापानं ठेवलं ते कलाबाई, अजूनबी कलाबाईच. नाव बदलाचंच होतं तं त्याचं बदलाचं होतं!"

ताई, घरजावई आणला म्हणून या गावानं त्या बाईला जन्मभर टोमणे मारले. माझ्या लग्नात त्यांना ओटी भरायलाही मागे बसवलं होतं, ते मी पाहिलं आहे. आणि आज साऱ्या घराण्यात सरकारमान्य अशी ती एकच बाई निघाली. मतदार यादी, शाळेचा दाखला, सातबारा, सगळीकडे एकच नाव.

पुढचं ऐका. माझं नाव ठेवलं तेव्हा त्या खोलीत होत्या, हे मला आठवतं. पण त्या म्हणाल्या, तुमच्याही वेळी होत्या. तुमच्या पाठराखीण म्हणून हिवरा आश्रमला त्याच तुमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते इथे लिहू की नको, याचा मी गाडीत बसून विचार केला. लिहितेच.

म्हणाल्या, "ताना लय रडली होती. नवरा सोडून जाईन म्हणे, पण नाव नाई सोडत. तिच्या सासूनं पदराआड चिमटा काढला तवा गप झाली. पंधरा वर्सांनी तिनं तुह्यं नाव बदललं, तवा मले वाटलं, आता हे तरी म्हणन, राहू द्या. नाई म्हटलं. कसं म्हणन? तिले वाटलं असंच असते."

हे वाचून तुम्ही चिडाल. मी तुम्हाला शरम वाटावी म्हणून लिहिलेलं नाही. मला फक्त हे सांगायचं आहे, की मला तुमच्या साक्षीची गरज आता कागदावर उरलेली नाही. कलाआत्या एकट्या पुरतात. विचारलं तर आमचा बाबू मान डोलावून "चालते, चालते" म्हणाला.

तरीही मी तुम्हाला बोलावते आहे. कलाआत्या म्हणतात, एका खेपेत दोघींचं करून टाकू, मी काय रोज येत नाई. तुमचंही प्रतिज्ञापत्र होईल, ताना आणि सरस्वती एकच असल्याचं. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, हे खरं आहे. तुम्हाला कुठला फॉर्म भरायचा नाही.

आचारसंहिता लागण्याआधी उरकायचं आहे, नाहीतर अख्खी कचेरी निवडणुकीला जाईल. येत्या शुक्रवारी, अकराला. मी गाडीवर उभी राहीन. या वेळी तुम्ही आला नाहीत, तरी काम होईल. पण या.

भिमा


लोणार, १५ डिसेंबर २०२४

ती. तानाताईंना,

असं लिहिलेलं चालेल ना? चालत नसेल तर पुढच्या पत्राच्या आधी कळवा, मी लगेच बदलणार नाही, पण विचार करीन.

बातमी आधी. राजपत्रात नाव आलं. आधार बदललं. डिंपल सुट्टीला आली होती, तिनं अर्ज परत भरला. मी शेजारी बसून तिला सूचना देत होते आणि ती म्हणत होती, "आई, माऊसले हात लावू नको." अभ्यासकेंद्रानं तो पुढे पाठवला आणि काल संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला, अर्ज मंजूर. फी भरली जाईल. मी दुकान उघडं टाकून शेजारच्या रसवंतीत जाऊन दोन ग्लास रस प्यायले. एक भिमाचा, एक पुष्पांजलीचा. तिनंही सव्वीस वर्षं काम केलं आहे.

आता त्या दिवशीचं. तुम्ही चष्मा पुसत बाहेर गेलात, म्हणून तुमच्या मागे काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही. कलाआत्या सांगतील, पण त्या पदरचं घालतात.

तुमचं प्रतिज्ञापत्र आधी झालं. अर्जनवीसानं विचारलं, "बाई, आधीचं नाव?" आणि तुम्ही इतक्या हळू बोललात, की त्याला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा तुम्ही एवढ्या मोठ्यानं "ताना!" म्हणालात, की पलीकडच्या झाडाखालचा चहावाला म्हणाला, "कोणाले हाक मारून राह्यल्या, माय?" कलाआत्या म्हणाल्या, "कोणाले नाई रे, हजेरी देली तिनं."

मग माझी पाळी. अर्जनवीस म्हणाला, ऊर्फ-बिर्फ चालत नाही, रकाना एकच आहे. पुढे कायमचं कोणतं नाव ठेवायचं? मला वाटलं होतं, मी लगेच सांगीन. मी महिनोन्महिने भांडले होते त्या नावासाठी. पण तुम्ही शेजारी बसला होतात, आणि मला तांदळात फिरणारी गोपालरावांची अंगठी आठवली.

आणि तुम्ही म्हणालात, "भिमा लिव, बापू. पुष्पांजली आमच्या घरची हाय, ते आमच्यापाशी राह्यते."

आणि उठून गेलात.

तुम्ही गेल्यावर अर्जनवीसानं कलाआत्यांची साक्ष लिहिली. मग म्हणाला, दुसरी साक्ष त्या ताईंची टाकतो, आता त्यांचंही सिद्ध झालं आहे. सही घ्यायला त्यानं पोराला तुमच्याकडे बाहेर पाठवलं, ती तुम्ही केलीत. पण त्याआधी तो एका ठिकाणी अडला. साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं. मी म्हटलं, नणंद.

तो हुशार होता. म्हणाला, "नणंद पुष्पांजलीची. अर्ज भिमाच्या नावानं होऊन राह्यला. भिमाचं तं लग्नच नाई कागदावर. तिले नणंद कुठून येईन? ओळखीची लिहू का? शेजारीण?"

कलाआत्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, "नणंदच लिहा. भिमाची."

त्यानं लिहिलं.

माझी परीक्षा मे महिन्यात आहे. पेपर सकाळी असतात, केंद्र मेहकरला. इथून पहिल्या गाडीनं निघालं तरी धावपळ होते, हिवरा आश्रमहून मेहकर जवळ, म्हणून आदल्या दिवशी मी तुमच्याकडे मुक्कामाला येते आहे. परवानगी विचारत नाही, कळवते आहे. स्वयंपाकाचं काही करू नका, मला वाचायचं असेल. आणि कुकरच्या शिट्ट्या जरा कमी घ्या.

तुमची भावजय,
भिमा